खुंट्यांची फळी

फॉर्मचे पहिले दोन रकाने सुप्रियानं पुण्यातच भरून टाकले होते. बाखचा एक फ्यूग, हायडनचा एक सोनाटा. तिसरा रकाना रिकामा होता. एकोणिसाव्या शतकातली, स्वतःच्या पसंतीची एक रचना, दहा मिनिटांच्या आत. हंगेरीतल्या ज्या संगीत विद्यापीठात तिला पियानोचं एम.ए. करायचं होतं, तिथली समिती आधी ही यादी बघणार, मग पंधरा दिवसांनी तिचं रेकॉर्डिंग ऐकणार आणि मग ठरवणार की हिला ऑडिशनला बोलवायचं की नाही. यादीची मुदत एक डिसेंबर. एकदा पाठवली की तिच्यातलं अक्षर बदलता येत नव्हतं.

तिसरी रचना कोणती, हे खरं तर केतकी मॅडमनी सांगून ठेवलं होतं. ब्राम्सची एक, दोन्ही हातांनी दगड फोडावेत तशी. "सुप्रिया, तू हळू वाजवतेस तेव्हा माणसं श्वास धरून ऐकतात," त्या म्हणाल्या होत्या, "पण तुझ्या हातात जोर नाही. निदान समितीला तसंच वाटेल. एक तरी गोष्ट अशी दे, की खुर्चीत सरळ होऊन बसतील." सुप्रियाला ते पटलं होतं. पटायला तिचं स्वतःचंही एक कारण होतं. ते तिनं मॅडमना सांगितलं नव्हतं.

सव्वीस नोव्हेंबरला दुपारी ती आपल्या गावी, सौंसरला उतरली. चौकात संविधान दिनाचा कार्यक्रम चालू होता. मांडवात बाबांचे मित्र गुलाबकाका ढोलकीवर होते, आणि त्यांच्या उजव्या हाताला, जिथं तिचे बाबा इतकी वर्षं पेटी घेऊन बसायचे, तिथं कुणीतरी इलेक्ट्रिक कीबोर्ड मांडला होता. बॅग हातात धरून ती दोन गाणी होईपर्यंत उभी राहिली. मग मांडवात न जाताच घराकडे वळली.

बाबांना जाऊन साडेसात आठवडे झाले होते.

घरी आईनं, म्हणजे सुशीलानं, रामाकोन्याहून आलेली संत्री सुपात काढून ठेवली होती. बाहेरच्या खोलीत पियानो चादरीखाली झाकलेला होता. सुप्रियानं चादर काढली, झाकण उघडलं आणि डावीकडची एक पट्टी दाबली. सूर आला, पण पायरी चुकून खाली घसरल्यासारखा.

"झाकूनच हाये तो," आई आतून म्हणाली. "मले त्याच्याकडे पाहवत नाही. तू जेव आधी."

हा पियानो घरात आला तेव्हा सुप्रिया सहा वर्षांची होती. मनोहर, म्हणजे तिचे बाबा, पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत कारकून. सौंसरहून रोज बसनं जायचे-यायचे आणि उरलेल्या वेळात पेट्या दुरुस्त करायचे. भजनी मंडळाची असो की भीमगीतवाल्यांची, पेटी भसाडली की ती मनोहरकडे यायची. पांढुर्ण्याच्या एका जुन्या कापूस-जिनिंगच्या मालकांनी बिऱ्हाड कायमचं नागपूरला हलवलं, तेव्हा त्यांच्या बंगल्यातला पियानो कुणालाच नको होता. त्यांच्या पेटीचा भाता कधीकाळी मनोहरनं बसवून दिला होता. "न्या तुम्हीच," मालकीणबाई म्हणाल्या. संत्र्याच्या ट्रकमध्ये तणस अंथरून चार माणसांनी पियानो उभाच बांधला. जामसांवलीच्या फाट्यावर चहाला थांबले, तर हनुमानाच्या दर्शनाला निघालेल्या बाया ट्रकमध्ये डोकावून विचारू लागल्या, "कपाट हाये काय जी?"

"हाव," गुलाबकाका म्हणाले. "गाण्याचं कपाट हाये."

गल्लीत ते नाव कायम राहिलं. आजही कुणी घरी आलं की विचारायचं, गाण्याचं कपाट कसं आहे.

तेव्हापासून सुप्रियाची प्रत्येक सकाळ एकाच सुरानं उजाडायची. पाच वाजता बाबा पियानोचं वरचं झाकण उचलायचे, तारांत जाड कापडाची पट्टी खोचायचे आणि एकच स्वरपट्टी पुन्हा पुन्हा दाबत, चावी तारेच्या खुंटीवर लावून, केसाएवढी फिरवायचे. तोच सूर, जरासा वर. पुन्हा तोच. अंथरुणात पडल्या पडल्या तिला सूर जागेवर बसलेला कळायचा. मग स्वयंपाकघरातून आई विचारायची, "अहो, चहा मांडू काय?" आणि बाबा म्हणायचे, "मांड." साडेसातच्या पांढुर्ण्याच्या बसपर्यंत पाच-सहा खुंट्या व्हायच्या. उरलेल्या दुसऱ्या दिवशी. हा बाबांचा छंद आहे, असं ती धरून चालली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे बाबांचं "हळू". ती वाजवायला बसली की बाबा कुठूनही, मोरीतून, अंगणातून, शेजारच्या ओट्यावरून म्हणायचे, "सुपे, हळू." रागावून नाही. पाय जपून टाक म्हणावं तसं.

नवव्या वर्षी बाबांनी तिला नागपूरच्या डिमेलो मिसकडे घातलं. दर रविवारी सकाळची बस. पहिल्याच दिवशी मिसचा पियानो ऐकून ती गोंधळली. परतताना बोरगावजवळ बस थांबली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, मिसच्या पियानोचा सा वर का आहे?"

"नागपूर हाये ते," बाबा म्हणाले. "तिथं सगळंच चढं असते. भावही अन् सूरही."

हे तिनं चार वर्षं खरं मानलं. पुढे मिसनीच सांगितलं की तुमच्या घरचा पियानो आख्खा एक सूर खाली लावलेला आहे. तिनं बाबांना धरलं, तर ते म्हणाले, "म्हातारा हाये तो. म्हातारा माणूस खालच्या पट्टीत गाते का नाही?"

शूबर्टच्या एका सोनाट्याचा संथ भाग डिमेलो मिसनी दिला तेव्हा ती पंधराची होती. डावा हात पाळण्यासारखा हलत राहतो आणि उजवा हात एकटाच काहीतरी म्हणत जातो, असा तो भाग. बाबांना तो फार आवडला. दुसऱ्या आठवड्यात तिनं पुस्तक उघडलं, तर मधली दोन पानं कडेनं दोऱ्यानं शिवून टाकलेली. भाता शिवायचा जाड पांढरा दोरा, एकसारखे टाके. उलटताना सरळ पुढच्या पानावर यायचं.

"बाबा, इथं वादळ आहे," ती म्हणाली. मिसकडे तिनं रेकॉर्ड ऐकली होती. त्या पानावर सगळं उसळतं, दोन्ही हात खालच्या सुरांवर आदळतात.

"ते पान आपल्या कामाचं नाही," बाबा म्हणाले.

तिनं त्याचा अर्थ एकच लावला. तो अर्थ तिच्याबरोबर नागपूर, मग पुणे असा फिरत राहिला. पुण्यात तिनं तो शूबर्ट कधी बाहेर काढला नाही.

मे महिन्यात परीक्षा देऊन ती घरी आली होती. ब्राम्स नुकताच हाती घेतला होता. दुपारी बसून ती पहिलं पान जोरात काढू लागली आणि बाबा दारात आले. हातात चावी होती. हत्यारांचा डबा आवरता आवरता उठले असावेत.

"सुपे, हळू."

तिनं हात उचलले. "का? गल्ली ऐकेल म्हणून?"

"तसं नाही व."

"मग कसं? बाबा, तुम्ही जन्मभर हळू. ऑफिसात हळू, चौकात हळू, साहेबांपुढे हळू. तुम्ही भेता, आणि ती भीती माझ्या हातात उतरली. पुण्यात मला विचारतात, हिच्यात जोर का नाही. काय सांगू त्यांना? बापाकडून आला नाही?"

आई आतून "सुप्रिया!" म्हणाली. बाबांनी आईला हातानंच थांबवलं. थोडा वेळ ते हातातल्या चावीकडे पाहत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "भेतो मी."

आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून आंब्यांची पिशवी वर दिली. त्यानंतर फोनवर जे बोलणं झालं ते पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं, पुण्याच्या खोलीचं. ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जाऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर, पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौंसरच्या बसची वाट बघत बाकावर बसलेले बाबा बस लागली तरी उठले नाहीत.

ब्राम्सच वाजवायचा, हे तिनं अंत्यविधीनंतर पुण्याला परततानाच्या गाडीत ठरवलं होतं. कुणाला काय दाखवायचं होतं ते तिलाच नीट सांगता आलं नसतं.

सत्तावीस तारखेला सकाळी ती बसली. सुरांना कान द्यायचा नाही, फक्त हात चालवायचे, असं मनाशी ठरवून. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर डाव्या हाताच्या मोठ्या उड्या सुरू झाल्या आणि तिनं खांद्यापासून वजन सोडलं.

"हळू! हळू व पोरी!"

तीच हाक. तोच उतार. सुप्रियाचे हात जागच्या जागी थिजले. दारात गुलाबकाका उभे होते, चपला पायातच, खांद्यावर रंधा ठेवायची पिशवी. काका सुतार, दारं-चौकटी करायचे, हंगामात संत्र्याच्या पेट्या ठोकायचे आणि पस्तीस वर्षं बाबांबरोबर ढोलकी वाजवायचे.

"काका, तुम्हीसुद्धा?" सुप्रिया म्हणाली. तिचा आवाज चढला. "एक माणूस गेला तर दुसरा आला सांगायला. माझ्याच घरात मला किती दिवस दबून वाजवायचं?"

"दबून कोण म्हणते?"

"मग काय म्हणता?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई तिथं उभी होती, पिठाचे हात पुढे धरून.

"सांगू काय वहिनी?"

"सांगा," आई म्हणाली. "आता कोणाची शपथ राहिली?"

काकांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. पियानोचं वरचं झाकण उघडलं, दोन लाकडी अटकण्या फिरवल्या आणि समोरची मोठी फळी अलगद उचलून भिंतीला टेकवली. सुप्रियानं पियानोचं पोट पूर्वीही पाहिलं होतं, पण नेहमी बाबांच्या खांद्यावरून, आणि तिचं लक्ष हातोड्यांकडे असायचं. आता काकांनी मोबाइलचा उजेड डावीकडे धरला.

तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या होत्या, त्यांतल्या डावीकडच्या निम्म्याहून जास्त खुंट्यांभोवती काहीतरी ठासलेलं होतं. पॉलिश पेपरचे कपटे. पोस्टकार्डाच्या बारीक पट्ट्या. एकीवर शाईतली अर्धी वेलांटी दिसत होती. खुंट्या रोवलेल्या फळीला वरच्या कडेनं एक काळी भेग गेली होती, हातभर लांब. आणि तिच्यामागून, आख्ख्या रुंदीत, सागवानाची वेगळी पाटी पाच बोल्टांनी आवळलेली.

"हे मी बसवलं," काका म्हणाले. "अन् ही भेग तुह्या बाबाची."

सुप्रियानं भेगेवरून बोट फिरवलं.

"आणला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. रविवार होता. आता हा पेटीवाला माणूस. पेटीचा सूर कसा, घासला का बसला, मंग दहा वर्ष पाहू नको. याले वाटलं, ह्येही तसंच. पियानो होता कुठच्या कुठं उतरलेला, बंगल्यात वीस वर्ष कोणी हात नव्हता लावला. म्हणे, याले आजच पेटीच्या सुरावर आणतो. चौदा एप्रिलले दोन्ही संगं वाजवू. सकाळपासून चावी फिरवून राहिला. मी म्हणलं, अगा मनोहर, अर्धा आज कर, अर्धा पुढच्या महिन्यात कर. लाकूड हाये ते, त्याले दम पायजे. ऐकतो कायले? दिवसभर चढवत गेला, चढवत गेला. पाचाच्या सुमाराले आवाज झाला." काकांनी दोन्ही मुठी एकमेकींपासून झटक्यानं लांब नेल्या. "मोठी फांदी मोडते न, तसा. फळी उकलली. अन् तू खाली बसली होती."

"कुठं खाली?"

"हितं." त्यांनी पियानोच्या पायपट्ट्यांकडे बोट केलं. "बाहुलीचं घर मांडून. त्याले वाटलं, सगळं तुह्या अंगावर येते. इतक्या ताणाच्या तारा, सुटल्या तर पोट्टीचं काय होईन. तुले ओढली अन् गल्लीत पळाला."

सुप्रियाला ती गल्ली आठवत होती. बाबांनी तिला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की शर्टाचं बटण गालात रुतत होतं आणि बाबांचं अंग थरथरत होतं. मोठी झाल्यावर तिनं आईला विचारलं होतं, ते काय होतं. आईनं सांगितलं होतं, भूकंप झाला होता तेव्हा.

"तू म्हणाली होतीस भूकंप," ती आईकडे वळून म्हणाली.

"त्यांनी सांगाले लावलं." आई दारातच पाटावर बसली. पिठाचे हात मांडीवर तसेच उताणे. "मी म्हणलं, पोरीले सांगून टाका न. तर म्हणे, फुटका हाये म्हणून सांगितलं तर ती फुटकाच समजून वाजवीन. तिले वाटू दे, चांगला हाये. चांगला ठेवाचं काम माझं."

"नागपूरहून माणूस बोलावला होता," काका म्हणाले. "त्यानं पाहिलं अन् म्हणे फेकून द्या, खुंट्या धरत नाही ह्या फळीत. मंग आम्ही दोघांनी सरस भरला, शिकंजा लावला, सागवानाची पाटी कसली, खुंट्यांभोवती कागद ठासला, अन् सूर खाली घेतला. तरी खुंट्या सरकतच. तू संध्याकाळी वाजवशील, का त्या उतरल्या. पहाटे हा पुन्हा लावाले बसला."

बाहेर गल्लीतून संत्र्यांचा छोटा हत्ती टेम्पो खडखडत गेला.

अठरा वर्षांच्या पहाटा सुप्रियाच्या डोक्यात मावेनात. ती मनात दुसरंच काही मोजत होती: मे महिन्यात बाबा दारात उभे होते तेव्हा त्यांना एवढंच म्हणता आलं असतं, की सुपे, हा पियानो मी फोडलेला आहे. एका वाक्याचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही. तिनं पुढं केलेलं 'तुम्ही भेता' हे वाक्यच त्यांनी उचलून घेतलं, आणि ते खोटंही नव्हतं.

"काका, ही फळी आता कितपत टिकेल?" तिनं विचारलं.

"फळी?" काकांचा चेहरा बदलला, त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. "बैल बांधला तरी हालत नाही ती. जुनं सागवान हाये, पाच बोल्ट हायेत. सूर उतरन, ते मी कबूल करतो. खुंट्या ढिल्या होतीन. पण फळी नाही उकलत आता. पहिल्यापासून सांगून राहिलो मी त्याले, वाजवू दे पोट्टीले, काही होत नाही."

"मग बाबा?"

"त्याचा इश्वासच नाही बसला. म्हणे, गुलाब, आवाज तूही ऐकला, पण खाली तुह्या घरची पोट्टी नव्हती."

सुप्रियानं त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला माहीत होतं टिकेल, तर आत्ता दारातून हळू का ओरडलात?"

काका गडबडले. भिंतीला टेकवलेली फळी उगाच सरळ केली.

"सवय," ते म्हणाले. "इतकी वर्ष ऐकलं न त्याच्याच तोंडून."

आई हसली. हसता हसता तिनं मनगटानं डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं.

सुप्रिया उठली आणि भिंतीतल्या कपाटातून जुनी पुस्तकं काढली. शूबर्ट सगळ्यात खाली होता. शिवलेली पानं तशीच होती; नऊ वर्षांत दोरा पिवळा पडला होता. तिनं टाक्यावर नख लावलं. तुटेना.

"थांब," आई म्हणाली. हात धुऊन आली, आणि बाबांच्या हत्यारांच्या डब्यातून ब्लेडचं पातं घेऊन आली. तिनंच एकेक टाका उसवला, ब्लाऊजचा उसवावा तसा, कागदाला इजा न करता. चौदा टाके होते. आतली पानं बाकीच्यांपेक्षा पांढरी निघाली. बाकीच्या प्रत्येक पानावर बाबांची पेन्सिल होती, कुठं बोटांचे आकडे, कुठं "हळू", कुठं नुसतीच एक गोल खूण. या दोन पानांवर काही नव्हतं.

ती वाजवायला बसली. पाळण्याचा भाग तिच्या बोटांना नऊ वर्षांनीही पाठ होता. सूर वाकडे होते, तरी तो चालला. पानाच्या शेवटी तिचा हात सवयीनं दोन पानं एकदम उलटायला गेला आणि थांबला. तिनं एकच उलटलं.

ते पान तिला नीट येत नव्हतं. नुसतं बघत वाजवायचं होतं. पहिल्या दोन ओळी चाचपडत गेल्या. मग सूर चढायला लागले, एकावर एक, आणि जिथं दोन्ही हात खाली आदळतात तिथं ती पोचली. हात आपोआप हलके पडले. तिनं थांबून ती जागा पुन्हा घेतली. पुन्हा हलके पडले. आता मागून कुणी काही म्हणत नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले आणि सगळं वजन सोडलं.

पियानो ओरडला. दुसरा शब्द नाही त्याला. डावीकडच्या तारा पहिल्याच घावात उतरल्या, दुसऱ्यात आणखी, आणि नंतर जे येत होतं त्याला सूर म्हणता आलं नसतं. तरी ती वाजवत गेली. डोळे उघडले तेव्हा तिला दिसलं, काकांनी उघड्या सागवानी पाटीवर तळहात सपाट ठेवला आहे, गाडीला जुंपलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. पाटी हलत नव्हती. आई जागेवर नव्हती. ती जाऊन दारात, गल्लीकडे तोंड करून उभी राहिली होती.

वादळ संपतं तिथं शूबर्टनं मोकळी जागा ठेवली आहे. दोन-चार तुटक सूर, मध्ये शांतता. मग तोच पाळणा परत येतो. आता त्याच्या पट्ट्या त्याच होत्या, पण मघाशी नुसते वाकडे असलेले सूर पार बिघडले होते. सुप्रियानं तो शेवटपर्यंत वाजवला, जमेल तितका हळू.

"टिकली," काका म्हणाले. पाटीवरचा हात त्यांनी लगेच काढला नाही.

"बाबांनी एकदा ऐकायला हवं होतं," सुप्रिया म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

संध्याकाळी तिनं केतकी मॅडमना फोन केला.

"शूबर्ट?" मॅडम म्हणाल्या. "सोनाट्यातला एकटा संथ भाग? अगं, आपलं काय ठरलं होतं? परत तू हळूवरच आलीस."

"त्यात मध्ये एक पान आहे, मॅडम."

"ते पान मला माहितेय. भल्याभल्यांचं तिथं भजं होतं. तुला येतं?"

"आज पहिल्यांदा वाजवलं."

"रेकॉर्डिंगला अठरा दिवस आहेत," मॅडम म्हणाल्या. "ब्राम्स तुझा तयार आहे. या पानात घसरलीस तर यावर्षी संपलं, आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीला तू वयात बसत नाहीस. कळतंय ना?"

"कळतंय."

"कशासाठी पण?"

सांगता आलं असतं. पण सगळं सांगायचं तर फळी, पोस्टकार्डं, भूकंप, सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते अजून तिच्या तोंडी बसलेलं नव्हतं. "हा मी अर्धाच शिकले होते," ती म्हणाली. "पुरा करायचा आहे."

"विचार करून पाठव," मॅडम म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "जेवतेस ना नीट?"

तिनं तिसऱ्या रकान्यात शूबर्ट लिहिला आणि फॉर्म पाठवून दिला. मुदतीला अजून चार दिवस होते. ठेवून घेतला असता तर तिनं परत ब्राम्स लिहिला असता, हे तिला माहीत होतं.

पहाटे पाचला तिला आपोआप जाग आली. घर गार पडलं होतं. पुण्याला परतेपर्यंतचे दिवस तिला याच पियानोवर ते पान बसवायचं होतं, आणि आता त्याची डावी बाजू पार गेली होती. कुणीतरी लावायला हवा होता. बाबांच्या डब्यात चावी वरच होती, तिच्या लाकडी मुठीला बाबांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. जाड कापडाची पट्टीही तिथंच.

हे काम तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. तिनं पट्टी तारांत खोचली, बाबा खोचायचे तशी, आणि सर्वांत उतरलेली एक तार शोधून चावी तिच्या खुंटीवर बसवली. सूर वाजवला. चावी किंचित फिरवली. खुंटी कुरकुरली, वर आली, आणि हात सैल करताच घसरली. तिनं पुन्हा सूर वाजवला. पुन्हा फिरवली. तोच सूर, जरासा वर. पुन्हा तोच.

आत काड्यापेटी वाजली. गॅस पेटला. भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"अहो," स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "चहा मांडू काय?"

मग आत सगळं थांबलं. भांडं नाही, पाणी नाही. गॅसचा बारीक आवाज तेवढा येत राहिला.

सुप्रियाचा हात चावीवर होता. हात काढला असता तर खुंटी घसरली असती. तिनं तसाच धरून ठेवला.

"मांड," ती म्हणाली.

आणि तो सूर पुन्हा वाजवला. अजून थोडा खाली होता.